मोठा टर्बो बसवायचा आहे? आधी ऑइल पॅन उतरवा

प्रश्न अकोट तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. त्यांनी जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया घेतली आहे, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १,४०,००० किलोमीटर पळालेली. तिचा छोटा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) काढून मोठा बसवायचा, १५० हॉर्सपॉवरवरून २५० च्या घरात जायचं आणि समृद्धी महामार्गावर गाडी मोकळी सोडायची, असा बेत आहे. टर्बो कोणता घ्यायचा तेही ठरलंय. विचारतात, "बसवायच्या आधी इंजिनात काय काय करून घ्यावं?"

भाऊ, तुम्ही बसवायच्या आधी विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. माझ्याकडे येणारे बहुतेक जण बसवून झाल्यावर येतात, सायलेन्सरमधून निळा धूर निघायला लागला की. मी दर्यापूर-मूर्तिजापूर पट्ट्यात सत्तावीस वर्षं इंजिनं खोलतोय. सुरुवात ट्रॅक्टरच्या डिझेल पंपांपासून झाली, पुढे पेट्रोल टर्बोचा नाद लागला. जे सांगतो ते हात काळे करून शिकलेलं आहे, त्यातलं काही फार महागात पडून.

इंजिन तुम्ही चांगलं निवडलंय. १७८१ सीसी, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. कंपनीनेच टर्बो दिलेला असल्यामुळे पिस्टनला खालून ऑइलचा फवारा आहे, कॉम्प्रेशन रेशो साडेनऊच्या आसपास ठेवलेला आहे, नॉक सेन्सर आहेत. साध्या इंजिनावर टर्बो चढवणाऱ्याला यातलं बरंचसं नव्याने उभं करावं लागतं. तुमच्याकडे ते आहेच. पण हे इंजिन युरोपातल्या हवेसाठी बनलंय, आणि तुम्ही ते वऱ्हाडातल्या मे महिन्यात पळवणार आहात. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, हे तुम्ही लहानपणी अनुभवलं असेल. टर्बोही हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. १ बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या दुप्पट दाब. टर्बोच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरा. बाहेर १५ अंश असतील तर टर्बोतून हवा सुमारे १०५ अंशांवर बाहेर पडते. अकोल्यात मेमधल्या दुपारी ४५ अंश असतात, तेव्हा तीच हवा १४५ च्या जवळ जाते. पुढे इंटरकूलर आहे, तो त्या वाढीव उष्णतेतली ७० टक्के काढून टाकतो असं धरू. तरी थंड मुलखातल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये ४२ अंशांची हवा शिरते, आपल्या गाडीत ७५ अंशांची. हवा विरळ झाल्यामुळे १० टक्के ताकद जाते, ती गेली तर जाऊ द्या. पण गरम हवेत स्पार्कने लागलेली आग पोचायच्या आतच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. यालाच आपण नॉकिंग म्हणतो, आणि टर्बो इंजिनं मरतात ती बहुतेक यानेच.

माझ्याच हातून हे घडलंय. बारा-तेरा वर्षं झाली. संत्र्याच्या एका बागाईतदाराची टर्बो पेट्रोल गाडी होती. मी मोठा टर्बो बसवला, जानेवारीच्या सकाळी बाहेर १२-१३ अंश असताना ट्यूनिंग केलं. गाडी अशी पळाली की आम्ही दोघं हरखून गेलो. एप्रिलच्या शेवटी भर दुपारी अकोल्याकडे जाताना त्यांनी दोन ट्रक एका दमात ओव्हरटेक केले, आणि तिसऱ्या सिलिंडरने दम सोडला. हेड उतरवलं तेव्हा पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड नखाएवढी तुटलेली. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चमकणारे ठिपके होते, मिठाच्या कणांसारखे. ते वितळून उडालेलं ॲल्युमिनियम होतं, पिस्टनचंच. गाडीमालकाचा काही दोष नव्हता. मी हिवाळ्यातल्या हवेवर बसवलेलं गणित त्यांनी उन्हाळ्यात वापरलं, एवढंच. ते इंजिन मी माझ्या खर्चाने पुन्हा बांधून दिलं. पिस्टन अजून माझ्या फळीवर आहे, आणि टर्बोची चौकशी करायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी तो आधी देतो.

म्हणून तुम्ही काय करायचं, तर आधी इंजिन मोजायचं. टर्बोचा खोका तोवर उघडूसुद्धा नका.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ती तपासणी, गरम इंजिनावर करा. चारही प्लग काढलेले, पेट्रोल आणि स्पार्क बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी ठणठणीत. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या आणि आकडा लिहून ठेवा. चांगल्या अवस्थेतलं हे इंजिन ११ ते १३ बार दाखवतं. कंपनी बरंच खालपर्यंत चालवून घेते, मी ९ च्या खालच्या सिलिंडरवर बूस्ट वाढवत नाही. आणि आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते मी जास्त पाहतो. एक बारपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

मग लीकडाउन टेस्ट. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते पाहायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २० च्या पुढे गेलं तर थांबा. आकड्याइतकंच ऐकणं महत्त्वाचं आहे. माझे उस्ताद मला ऑइल फिलरच्या तोंडाशी कान लावायला लावायचे. "कान लाव अन् हवा कुठून बोलते थे सांग." ऑइल फिलरमधून फुसफुस आली तर रिंग. सायलेन्सरच्या नळीतून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि हजारो रुपयांची चूक वाचवतं.

त्यानंतर शीर्षकात लिहिलेलं काम: ऑइल पॅन उतरवा. यावर मी अडून बसतो. या जातीच्या इंजिनात ऑइल वेळेवर बदललं नाही, किंवा साधं मिनरल ऑइल वापरलं, तर टर्बोच्या उष्णतेने ते जळून काळा गाळ बनतो. तो गाळ पॅनमध्ये बसतो आणि ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी बुजवतो. जुनी गाडी तुमच्याकडे कोणाकोणाच्या हातून आली, कोणी कधी कोणतं ऑइल टाकलं, ते तुम्हाला माहीत नाही. मी अशा जाळ्या पाहिल्यात की पहिल्या नजरेला वाटतं, कोणी गोठलेला डांबराचा गोळा चिकटवलाय. बोटाने खरवडला की खाली तार दिसते. ज्या इंजिनाला रोजच्या चालवण्यात ऑइल पुरत नाही, ते दुसरा, मोठा टर्बो कसा पोसणार? जाळी धुऊन परत लावू नका, नळी नवी टाका. पॅनच्या तळाशी चुंबक फिरवा. चुंबकाला न चिकटणारी पितळी किंवा तांबूस चमक दिसली तर क्रँकशाफ्टचे बेअरिंग शेल बोलत आहेत, मग तिथेच थांबून शेल काढून पाहायचे.

पॅन लावल्यावर ऑइल प्रेशरच्या सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका, तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. इंजिन पुरतं गरम झाल्यावर २००० आरपीएमला किमान २ बार हवेत. मी गेज लावून गाडी अर्धा तास पळवून आणतो, मगच आकडा खरा मानतो. ऑइल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० आणि बदलण्याचं अंतर ५,००० किलोमीटर. कंपनीने जास्त सांगितलंय, पण कंपनीने तुमचा टर्बो पाहिलेला नाही.

आता कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणारा दांडा. सगळी पोरं इथेच घाबरतात. कोणी सांगतो मूळ रॉड टिकतो, कोणी सांगतो वाकतो. दोघंही खरं बोलतात, कारण रॉड हॉर्सपॉवरने वाकत नाही, टॉर्कने वाकतो. गणित करून पाहा. ६००० आरपीएमला २५० हॉर्सपॉवर काढायला जेमतेम ३०० न्यूटन मीटर टॉर्क लागतो. तेच २५० हॉर्सपॉवर ३५०० आरपीएमला काढायचे म्हटलं तर ५०० च्या वर लागेल. तुमच्या गाडीचा मूळ टॉर्क २१० आहे. म्हणजे बूस्ट खालच्या आरपीएमला एकदम न चढवता हळूहळू वर नेला, तर मूळ रॉडवरही तुमचं काम होऊ शकतं. मी या इंजिनात मूळ रॉडवर ३०० ते ३२० च्या पुढे जात नाही. या इंजिनांत पिस्टनची पिन दोन मापांची येते, १९ मिमी आणि २० मिमी. २० वाला रॉड जास्त सोसतो. तुमच्यात कोणती आहे ते इंजिन कोडवरून काढून ठेवा. गाडी चौथ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायची सवय असेल तर ती आजच सोडा. रॉड वाकवण्याचा तो सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

ब्लॉक खोलायचा की नाही? माझं मत ऐकायचं असेल तर, कॉम्प्रेशन सारखं आहे, लीकडाउन दहाच्या आत आहे, ऑइल प्रेशर पक्कं आहे, तर खोलू नका. कंपनीत स्वच्छ खोलीत बसवलेलं खालचं इंजिन आपण गावातल्या शेडमध्ये परत बसवतो, तेव्हा नेहमी सुधारतंच असं नाही. कापूस निघायच्या दिवसांत तर माझ्या शेडमध्ये हवेत तंतू तरंगत असतात. तेव्हा मी उघडं इंजिन ठेवतच नाही.

आकडे वाईट आले तर मात्र अर्धवट काम करू नका. एकदा पिस्टन बाहेर आलेच तर फोर्ज्ड रॉड टाका, शेल नवे टाका, बोअर होनिंग करून घ्या. आणि रिंगचा गॅप स्वतः मोजा. हा मुद्दा फार लोक सोडून देतात. नवी रिंग खोक्यातून काढली आणि बसवली, असं टर्बोला चालत नाही. रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा, आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजने पाहा. ८१ मिमीच्या बोअरला साध्या वापरात ०.३ मिमी चालतं, वाढीव बूस्टला वरची रिंग ०.४५ मिमी तरी हवी. कारण उष्णतेने रिंग फुगते. फट कमी असेल तर टोकं एकमेकांवर आदळतात, रिंग बोअरमध्ये आवळून बसते आणि पिस्टनची कड घेऊन तुटते. फट वाढवायची तर बारीक कानशीने एकाच टोकाला, बाहेरून आत घासायचं आणि शेवटी कडा दगडावर हलक्या हाताने मोडायची. एका रिंगला दहा मिनिटं लागली तरी लागू द्या.

हेड उतरलंच तर सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून पृष्ठभाग तपासा. आडवा, उभा आणि तिरका. ०.०५ मिमीचं पान कुठेही सरकलं तर मी हेड मशीनवर पाठवतो. हेड बोल्ट आवळताना ताणले जाणारे असतात, एकदा काढले की फेकायचे. जुने बोल्ट परत वापरून वाचवलेले पैसे नंतर गॅस्केटला जातात.

आता पाणी. इथे तुमचा गाव आणि माझा गाव एकच आहे. आपण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहतो. अमरावती, अकोला, बुलढाणा, तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. जे पाणी माणसाला प्यायला आणि पिकाला द्यायला नको, ते आपण बिनधास्त रेडिएटरमध्ये ओततो. त्यातले क्षार हेडच्या पाण्याच्या वाटांमध्ये थर धरतात आणि ॲल्युमिनियम खातात. मी एका हेडमधली वाट पाहिली आहे, जिथे करंगळी जायला हवी तिथे पेन्सिलही जात नव्हती. त्या सिलिंडरच्या भिंतीला पाणी पोचतच नव्हतं. साध्या चालवण्यात ते इंजिन वर्षानुवर्षं निभावून गेलं, कारण त्याने कधी पूर्ण ताकद दिलीच नव्हती. तुम्ही ती मागणार आहात. म्हणून टर्बोच्या आधी कूलिंग पूर्ण धुऊन घ्या, आणि नंतर फक्त डिस्टिल्ड पाणी आणि चांगलं कूलंट, निम्मं-निम्मं. कूलंट फक्त थंडीसाठी असतं हा समज चुकीचा आहे. त्याने उकळबिंदू वाढतो आणि गंज थांबतो, आपल्याला तेच हवंय.

टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्रच बदला, पंप त्याच बेल्टवर फिरतो. या इंजिनाच्या जुन्या पंपांचा पंखा प्लास्टिकचा असायचा, तो तुटतो किंवा शाफ्टवर सैल होऊन नुसता फिरतो. धातूच्या पंख्याचा घ्या.

थर्मोस्टॅटबद्दल स्पष्ट बोलतो. आपल्याकडे गाडी तापली की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. तुमच्या गाडीतला कोणी काढलाय का ते आधी तपासा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हिवाळ्यात नीट गरम होत नाही, कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल आणि मोठा टर्बो, ही जोडी फार दिवस चालत नाही. गाडी तापते तर का तापते ते शोधा. बहुतेक वेळा रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ मिळून नमद्यासारखा थर बसलेला असतो. बाहेरून दिसत नाही. रेडिएटर सुटा करून इंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी मारायचं, उलट नाही. आता त्यांच्यासमोर मोठा इंटरकूलर येणार, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आणखी कमी होणार. पंखे दोन्ही वेगांवर चालतात का पाहा, पंख्याचं आवरण फुटलेलं असेल तर बदला.

धुळीचं आणखी एक सांगायचंय. मोठ्या टर्बोसोबत लोक उघडा कोन फिल्टर लावतात, आवाज छान येतो म्हणून. आपल्याकडे लावू नका. तो बोनेटखालची तापलेली हवा ओढतो, म्हणजे वर सांगितलेलं सगळं गणित आणखी बिघडतं. आणि वखरणीच्या दिवसांत पांदण रस्त्याने जाणाऱ्या गाडीत तो बारीक मातीही सोडतो. टर्बोचं चाक मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे मारतं. त्या वेगाला मातीचा कण पात्याची धार कानशीसारखी घासतो. कंपनीचा बंद डबा ठेवा, त्याला फेंडरमधून मोठी नळी आणा, कागदी फिल्टर ठेवा आणि तो लवकर बदला.

नळ्यांची गळती घरच्या घरी तपासता येते. ठिबकच्या दुकानातून तुमच्या पाइपच्या मापाची पीव्हीसी एंड कॅप आणा, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, टर्बोच्या तोंडाला क्लॅम्पने आवळा आणि कॉम्प्रेसरने अर्धा-पाऊण बार हवा भरा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाका. फेस जिथे फुगेल तिथे गळती. जुन्या गाडीत दोन-तीन जागी फुगतोच, बहुधा डायव्हर्टर व्हॉल्व्हमध्ये (ॲक्सिलरेटर सोडल्यावर बूस्ट सोडणारी झडप) आणि हेडकडून येणाऱ्या ब्रीदरच्या रबरी नळ्यांमध्ये. गळती असली की टर्बो तोच दाब द्यायला जास्त फिरतो आणि हवा आणखी तापते.

ब्रीदरकडे तर खास लक्ष द्या. बूस्ट वाढला की रिंगमधून खाली जाणारी हवाही वाढते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, दाब तयार होतो, आणि मग टर्बोतून खाली येणारं ऑइल अडतं. लोक म्हणतात नवा टर्बो ऑइल पितो, सील खराब. सील चांगलं असतं, ऑइलला उतरायला जागा नसते. परतीची नळी जाड ठेवा, १८-१९ मिमीच्या आसपास, तिला सलग उतार हवा आणि ती पॅनमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. त्या जोडाला सिलिकॉन पेस्ट लावू नका, आत निघालेला तुकडा नळी बुजवतो. गॅस्केट लावा. टर्बोला ऑइल देणारी बारीक नळी एक्झॉस्टच्या अगदी जवळून जाते, जुनीत आतून कोळसा झालेला असतो. ती नवीच टाका.

पेट्रोल. आता पंपावर साधं म्हणून मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. त्याचा ऑक्टेन ९५, तुम्हाला ते फायद्याचंच आहे, नॉकिंग उशिरा येतं. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतं. साध्या पेट्रोलवर चार सिलिंडरमधून २५० हॉर्सपॉवर काढायला प्रत्येकी मिनिटाला ४६० सीसीच्या आसपासचा इंजेक्टर पुरला असता. ई-२० वर तुम्ही ५०० च्या खाली जाऊ नका. पंपही तेवढाच तगडा हवा. नवा घेतला तरी पूर्ण लोडवर प्रेशर गेज लावून तपासा. एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा वाइडबँड मीटर लावाल तेव्हा त्यावर लॅम्बडा (पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे तो आकडा) वाचा, हवा-पेट्रोलचं प्रमाण वाचू नका. १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा आहे, ई-२० चा साडेतेराच्या आसपास येतो. लॅम्बडा दोन्हींना सारखाच राहतो. पूर्ण बूस्टवर ०.८० च्या जवळ ठेवा, आपल्या उन्हाळ्यात मी ०.७८ पर्यंतही नेतो.

आणि इथेनॉल जुनं रबर खातं. तुमची गाडी त्या काळातली आहे जेव्हा हे पेट्रोल नव्हतं. टाकीपासून रेलपर्यंतच्या रबरी नळ्या आणि इंजेक्टरच्या सील सगळ्या बदला. गळलेलं पेट्रोल लालबुंद एक्झॉस्टपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. यात पैसे वाचवू नका, भाऊ.

प्लग एक नंबर थंड घ्या. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे थंड, बॉशमध्ये आकडा लहान म्हणजे थंड, इथे पुष्कळ जण फसतात. गॅप ०.७ मिमी. कॉइल चारही एकदम नव्या.

क्लच मूळचा टिकणार नाही, फ्लायव्हीलसकट तपासा. ब्रेक आणि टायर आधी, टर्बो नंतर. समृद्धीचे ७०१ किलोमीटर सरळ आहेत, पण तिथेही वेगमर्यादा १२० आहे, आणि तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटताना मी पाहिलेत. कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या नोंदीत नसलेला बदल परवानगीशिवाय करता येत नाही. दर बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी याच कागदावर बोट ठेवते. म्हणून आधी आरटीओत जाऊन विचारा. गाडी फक्त ट्रॅकसाठी बनवायची असेल तर ट्रेलरवर न्या.

ट्यूनिंगचं एकच सांगतो. पहिल्या दिवशी बूस्ट कंट्रोलर जोडूच नका, वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट वळवून बूस्ट रोखणारी झडप) स्प्रिंगवर जो ०.५-०.६ बार मिळेल त्यावर चालवा. सगळे आकडे लॉग करा: इनटेकचं तापमान, नॉकमुळे कॉम्प्युटरने मागे घेतलेलं स्पार्कचं टायमिंग, लॅम्बडा. मग ०.१ बारने वाढवा. शेवटचा आकडा ठरवायचा तो मे महिन्यातल्या दुपारी दोन ते चारच्या मध्ये. गाडी हिवाळ्यात तयार झाली तर ट्यूनरला सांगा, इनटेकचं तापमान ५५ अंशांच्या पुढे गेलं की टायमिंग आणि बूस्ट दोन्ही आपोआप कमी व्हायला हवेत. कॉम्प्युटरमधल्या त्या तापमानाच्या तक्त्यातला ७०-८० अंशांचा रकाना भरलेला आहे का, हे स्वतः स्क्रीनवर पाहा. बाहेरून आलेल्या तयार ट्यूनिंग फाइलमध्ये तो बहुतेक वेळा रिकामा किंवा नुसता अंदाजाने भरलेला असतो, कारण ती बनवणाऱ्याच्या गावात तेवढं ऊन पडत नाही.

पहिल्यांदा चालू करताना टर्बोच्या ऑइलच्या तोंडातून थोडं ऑइल ओता, चाक हाताने फिरवा. इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. मगच जोडा आणि चालू करा. पहिली काही मिनिटं नुसतं आयडलिंग, टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाखाली पाहा. जोरात चालवून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, एक-दोन मिनिटं चालू ठेवा, नाहीतर टर्बोच्या पोटात थांबलेलं ऑइल जळून कोळसा होतं.

५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेला फिल्टर फेकू नका. कापून त्यातला कागद पांढऱ्या फडक्यावर पसरा आणि उन्हात नेऊन पाहा. काय दिसलं ते मला कळवा, फोटो पाठवलात तर अजून बरं. पण त्याआधी चार सिलिंडरचे आकडे आणि ऑइल पॅनच्या जाळीचा फोटो हवाय. तो पाहिल्याशिवाय तुमचा टर्बो योग्य आहे की नाही यावर मी काही बोलणार नाही.